गचक्याचा इतिहास: दोन क्लचची गाडी आणि बोईसरचा रस्ता

१/
ऑटोमॅटिक गाडी घेतली जाते ती डाव्या पायाला विश्रांती मिळावी म्हणून. तीच गाडी बोईसरच्या गर्दीत पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या दरम्यान गचके देऊ लागली, की मालकाच्या पदरी दोन उत्तरे पडतात. सर्व्हिस सेंटर म्हणते, चालवण्याची पद्धत चुकते आहे. मित्रमंडळी म्हणतात, गिअरबॉक्सच टाकाऊ आहे. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. या गचक्यामागे सुमारे ८५ वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि दोष कोणाचा हे कसे ठरवावे याचे उत्तरही त्या इतिहासातच आहे. त्याविषयीचा हा थ्रेड.

२/
आधी एका शब्दाचा घोळ दूर करू या. जुन्या ट्रकचालकांच्या आणि एसटीच्या चालकांच्या बोलण्यात ‘डबल क्लच’ हा शब्द असे. ती एक कसरत होती: क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकायचा. क्लच एकच, पाय मात्र दोनदा. आजचा ‘ड्युअल क्लच’ निराळा. त्यात खरोखरच दोन क्लच असतात आणि पाय एकदाही लागत नाही. तथापि दोन्ही शब्दांच्या मुळाशी अडचण एकच आहे: वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग हिसका न बसता जोडायचे कसे?

३/
ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये पानार-लेव्हासोर कंपनीच्या गाड्यांत दातेरी चाके एकमेकांवर सरकवून गिअर बदलण्याची पद्धत रूढ झाली. चाके करकरत, दात झिजत. ही रीत रांगडी आहे पण काम भागवते, अशा आशयाचे उद्गार एमिल लेव्हासोरच्या नावावर सांगितले जातात. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणले. गिअर अडकण्यापूर्वी दोन्ही भागांची गती जुळवून घेणारी ही योजना होती. तिच्यामुळे चालकाची निम्मी कसरत संपली.

४/
निम्मीच, कारण गाडी जागेवरून हलवण्याचा क्षण चालकाच्या डाव्या पायाकडेच राहिला. इंजिन फिरत असते, चाके स्थिर असतात, आणि या दोहोंमध्ये क्लचची प्लेट काही क्षण घसरते. त्या घसरण्याला मराठी चालकांनी नाव दिले ‘हाफ क्लच’. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली. तेव्हापासून घाटात बस उभी करून पुन्हा चढावर उचलणाऱ्या प्रत्येक चालकाला हाफ क्लचची किंमत ठाऊक आहे. जास्त वेळ धरला की जळका वास येतो, आणि प्लेट गेली की गाडी रस्त्याच्या कडेला.

५/
अमेरिकेने वेगळी वाट धरली. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिलसाठी हायड्रामॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला. त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामधला दुवा तेलाचा होता. तेल कितीही घसरले तरी प्लेटसारखे झिजत नाही. पुढे टॉर्क कन्व्हर्टरचे गिअरबॉक्स याच वाटेने आले. म्हणूनच अशा गाड्या रांगेत लोण्यासारख्या सरकतात. जुन्या काळी त्याची किंमत मोजावी लागे ती इंधनात, कारण तेल घुसळण्यात इंजिनाची शक्ती वाया जाई.

६/
आता मुख्य पात्र. अडोल्फ केग्रेस हा फ्रेंच अभियंता. रशियाच्या दुसऱ्या निकोलस झारच्या मोटारखान्याची तांत्रिक जबाबदारी त्याच्याकडे होती. बर्फात झारची गाडी चालावी म्हणून त्याने मागच्या चाकांऐवजी पट्टे बसवले. १९१७ च्या क्रांतीनंतर तो फ्रान्सला परतला. सिट्रोएनच्या ज्या गाड्यांनी सहारा ओलांडले, त्यांना त्याचेच पट्टे होते. याच केग्रेसने १९३० च्या दशकाच्या अखेरीस, सिट्रोएनच्या ट्रॅक्शन अव्हां या गाडीचा विचार करून, दोन क्लचच्या गिअरबॉक्सची कल्पना मांडली.

७/
कल्पना सोपी आणि देखणी आहे. एकाच पेटीत दोन गिअरबॉक्स कल्पावेत. एका क्लचकडे १, ३, ५ हे विषम गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६ हे सम. गाडी पहिल्या गिअरमध्ये धावत असतानाच दुसरा गिअर आत अडकवून तयार ठेवायचा. वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. चाकांकडे जाणारी ओढ तुटत नाही. शर्यतीतला धावपटू धावता धावताच दुसऱ्याच्या हाती बॅटन देतो, तसे हे हस्तांतर.

८/
परंतु बॅटन केव्हा द्यायचे हे ठरवणारा मेंदू १९३९ मध्ये नव्हता. पुढचा गिअर कोणता लागेल याचा अंदाज बांधणे आणि दोन क्लचचा दाब क्षणाक्षणाला मोजून बदलणे, हे त्या काळच्या झडपांच्या आणि तरफांच्या आवाक्याबाहेरचे होते. महायुद्ध सुरू झाले. १९४३ मध्ये केग्रेसचा मृत्यू झाला आणि कल्पना कागदावर राहिली. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवावी: या यंत्राची यांत्रिक बाजू आधी जन्मली, त्याची बुद्धी ४० वर्षे उशिरा आली. आजही बहुतेक गचके या दोहोंच्या सांध्यावरच बसतात.

९/
१९८० च्या दशकात संगणक गाडीत शिरला आणि पोर्शेने कल्पना पुन्हा बाहेर काढली. पीडीके या नावाने ती ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत बसली. १९८६ मध्ये मोंझा येथे पीडीके बसवलेल्या ९६२ ने शर्यत जिंकली. रस्त्यावरच्या सामान्य गाडीत हे तंत्र यायला मात्र २००३ साल उजाडले. फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ मध्ये सहा गिअरचा डीएसजी आला. त्याचे दोन्ही क्लच तेलात बुडालेले होते. यालाच ओला क्लच म्हणतात.

१०/
२००८ मध्ये त्याच कंपनीने सात गिअरची धाकटी आवृत्ती आणली. हिचे क्लच कोरडे होते. ओल्या आवृत्तीत सुमारे साडेसहा लिटर तेल फिरे, तर या धाकटीच्या गिअरना पावणेदोन लिटरच्या आसपास तेल पुरे. वजन कमी, घुसळण कमी, इंधनाची बचत. लहान इंजिनांच्या गाड्यांसाठी ती आदर्श वाटली. पण बचतीची दुसरी बाजूही होती. ओल्या क्लचची उष्णता तेल वाहून नेते. कोरड्या क्लचची उष्णता फक्त आजूबाजूची हवा आणि प्लेटचे लोखंड सोसते.

११/
भारतात हे तंत्र सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आले ते गेल्या दशकात. २०१२ मध्ये फोर्डची पॉवरशिफ्ट फिएस्टा आली. २०१३ मध्ये चाकणला तयार होणारी पोलो जीटी टीएसआय आली. २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आली. या तिन्हींत कोरडा क्लच. २०२२ मध्ये टाटा अल्ट्रोझ डीसीए आली ती ओला क्लच घेऊन. दहा वर्षांत झारच्या अभियंत्याची कल्पना मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पोहोचली. विकत घेणाऱ्याला मात्र शोरूममध्ये एकच शब्द ऐकू आला: ‘ऑटोमॅटिक’.

१२/
अडचणीचे बीज याच शब्दात आहे. ग्राहकाच्या मनातली ऑटोमॅटिक म्हणजे तेलाच्या दुव्याची, लोण्यासारखी सरकणारी गाडी. हातात पडलेली गाडी म्हणजे दोन मॅन्युअल गिअरबॉक्स आणि त्यांचे क्लच दाबणारा एक अदृश्य पाय. हाफ क्लच नाहीसा झालेला नाही. तो चालकाच्या पायाकडून संगणकाकडे गेला आहे. पाय असता तर जळका वास येताच त्याने विचार केला असता. संगणकाकडे तापमानाचे आकडे असतात, पण समोरची रांग किती लांब आहे हे त्याला दिसत नाही.

१३/
आता हे यंत्र पालघर जिल्ह्याच्या रस्त्यावर ठेवून पाहावे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात एकीकडे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, दुसरीकडे समुद्रकिनारा आणि मधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८. चिल्हार फाट्याहून बोईसरकडे टँकर आणि कंपन्यांच्या बसगाड्या सतत जा-ये करतात. पाळी सुटली की रांग लागते. महामार्गाच्या काँक्रिटीकरणाच्या काळात तर तासन् तास रांगेत सरकावे लागे. मनोरहून पालघरला येताना वाघोबा खिंडीचा चढ आहे. त्यावर मे महिन्यातली दमट हवा.

१४/
इथे साधे गणित उपयोगी पडते. बहुतेक गाड्या पहिल्या गिअरमध्ये, रेस न देता, साधारण ताशी ६ ते ८ किलोमीटर वेगाने चालतात. त्या वेगाला क्लच पूर्ण धरलेला असतो, म्हणजे घसरत नाही आणि तापतही नाही. रांग ताशी ३ किलोमीटरने सरकत असेल, तर क्लच पूर्ण धरणे शक्यच नसते; धरला तर इंजिन बंद पडेल. म्हणून संगणक हाफ क्लच धरून ठेवतो. अर्धा तास रांग म्हणजे जवळजवळ अर्धा तास हाफ क्लच. एसटीच्या कोणत्याही जुन्या चालकाने हे ऐकून कपाळाला हात लावला असता.

१५/
तापलेल्या प्लेटचे घर्षण बदलते. संगणकाने शिकून ठेवलेला धरण्याचा बिंदू आता किंचित पुढेमागे सरकलेला असतो. अपेक्षेपेक्षा आधी पकड बसली की गचका, उशिरा बसली की इंजिनचा आवाज वाढतो आणि मग हिसका. त्यात चालकाचा पाय रेस देऊ की ब्रेक दाबू अशा द्विधेत असेल, तर संगणक दुसरा गिअर तयार करतो, पुन्हा पहिल्याकडे वळतो. पहिल्या-दुसऱ्याच्या दरम्यानचा प्रसिद्ध गचका असा जन्माला येतो. तोवर काही मोडलेले नसते. परंतु हेच रोज घडले तर झीज ठरलेलीच.

१६/
मग दोष रस्त्याचा की यंत्राचा? इतिहासात या प्रश्नाची सुनावणी एकदा चीनमध्ये झाली आहे. तिथेही दाट लोकवस्तीची शहरे, तुंबलेले रस्ते आणि कोरड्या क्लचच्या गाड्या. तक्रारी वाढल्यावर २०१२ मध्ये फोक्सवॅगनने तिथल्या डीएसजीची हमी १० वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवली. १५ मार्च २०१३ रोजी, जागतिक ग्राहक दिनाच्या सरकारी दूरचित्रवाणी कार्यक्रमात हा विषय देशभर दाखवला गेला. त्यानंतर लगेच ३ लाख ८४ हजारांहून अधिक गाड्या परत बोलावण्यात आल्या.

१७/
त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधले सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरण्याचे ठरवले. उष्ण, दमट हवामान आणि सतत थांबत-निघत चालणारी वाहतूक एकत्र आली, तर त्या तेलामुळे विद्युत बिघाड होऊ शकतो, असे कारण समोर आले होते. हे वर्णन पुन्हा एकदा वाचावे. उष्णता, दमटपणा, थांबत-निघत वाहतूक. पालघर, बोईसर, चिंचणी या पट्ट्याचे वर्णन याहून नेमके क्वचितच कोणी केले असेल.

१८/
परक्या हवेत घडलेले यंत्र स्थानिक परिस्थितीत कसे वागते, हा धडा तारापूरला नवा नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी रचनेच्या होत्या. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट धरलेली होती; तांत्रिक अडचणींनंतर ती १६० मेगावॅटवर आणली गेली. म्हणजे यंत्राची कागदावरची ताकद आणि जागेवरची ताकद यांतला फरक नोंदवला गेला, मान्य केला गेला आणि त्यानुसार यंत्र चालवले गेले. मोटारीच्या ग्राहकाला हा मान्य करण्याचा भागच सहसा मिळत नाही.

१९/
दुसरी सुनावणी ऑस्ट्रेलियात झाली. तिथल्या ग्राहक आयोगाने फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या तक्रारींवरून कंपनीला संघीय न्यायालयात खेचले. फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांविषयी मे २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात आलेल्या सुमारे २,००० तक्रारींचा हा मामला होता. गाडी थरथरते, ओढ जाते, असे ग्राहक सांगत होते. त्यांतल्या अनेकांना उत्तर मिळाले होते की हा त्यांच्या चालवण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. एप्रिल २०१८ मध्ये न्यायालयाने तक्रारी हाताळण्याची ही रीत अन्यायकारक ठरवून १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

२०/
या दोन प्रकरणांतून निघणारा निष्कर्ष असा. ‘चालवण्याची पद्धत’ हे उत्तर कधी खरे असते, कधी पळवाट असते. ते कोणते आहे हे मालकाच्या संतापाने ठरत नाही आणि सर्व्हिस सेंटरच्या आत्मविश्वासानेही ठरत नाही. ते ठरते नोंदींनी. चीनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात तक्रारी तारखेनिशी साठल्या, एकमेकींशी जुळल्या, म्हणून त्यांना वजन आले. इतिहासाच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको: दंतकथा कितीही गाजली तरी निकाल बखरीवर नव्हे, अस्सल कागदावर लागतो.

२१/
म्हणून पहिला हिस्सा चालकाने उचलावा. रांगेत पुढच्या गाडीला चिकटून इंच इंच सरकू नये. दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्यावी, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदम पुढे जावे आणि पुन्हा पूर्ण थांबावे. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्यावा. चढावर रेसवर गाडी तोलून धरू नये. त्यासाठी ब्रेक किंवा ऑटो होल्ड आहे. थोड्या थांब्यासाठी न्यूट्रल करण्याची गरज नसते, कारण ब्रेक घट्ट दाबलेला असला की क्लच आपोआप सुटतो. लांबच्या खोळंब्यात गाडी ‘पी’वर टाकावी.

२२/
वाघोबा खिंडीसारख्या चढावर, अवजड ट्रकच्या मागे, मॅन्युअल मोडमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर धरून ठेवावा. त्यामुळे संगणकाची द्विधा संपते. गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला तर सुरक्षित जागी थांबून, ‘पी’मध्ये, गाडीच्या माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे थंड होऊ द्यावी. एवढ्याने पंधरवड्यात गचके स्पष्टपणे कमी झाले, तर यंत्र शाबूत आहे असे बहुधा समजावे. कमी झाले नाहीत, तर ‘पद्धत चुकते’ या उत्तराचा आधार संपला. या प्रयोगाचा खरा उपयोग हाच आहे.

२३/
दुसरा हिस्सा तपासणीचा. गचका म्हटला की गिअरबॉक्स खोलायचा, ही घाई महागात पडते. अशक्त झालेली बॅटरी, सैल पडलेले इंजिनचे माउंटिंग, चुकणारी इग्निशन कॉइल यांनीही हुबेहूब तसाच हिसका बसतो. म्हणून आधी हे स्वस्त संशयित तपासावेत. मग संगणकातले फॉल्ट कोड, क्लचची झीज आणि तापमानाची नोंद वाचून घ्यावी. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आहे का ते विचारावे. क्लचचा धरण्याचा बिंदू संगणकाला नव्याने शिकवण्याची प्रक्रिया असते. अनेकदा तेवढ्याने काम होते.

२४/
ओल्या क्लचच्या गाडीत तेलाचा प्रश्न येतो. ते वेळेवर बदलले गेले का आणि कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे भरले का, हे पाहावे. दुसऱ्या गाडीचे चालते म्हणून भरलेले तेल स्वतःच गचक्याचे कारण होऊ शकते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तंत्रज्ञाला गचका दाखवावा तो गरम गाडीत. सकाळी थंड गाडी रिकाम्या रस्त्यावर फिरवून ‘काहीच जाणवत नाही’ असा शेरा मारणे सोपे असते. चाळीस मिनिटे गर्दीतून आणलेल्या गाडीत तंत्रज्ञाला शेजारी बसवावे.

२५/
तिसरा हिस्सा नोंदींचा, आणि तोच बहुतेक मालक टाळतात. एक साधी वही पुरते. तारीख, किलोमीटरचा आकडा, जागा, चढ की सपाट, गाडी किती वेळ चालली होती, कोणत्या गिअरमध्ये गचका बसला, डॅशबोर्डवर काय दिसले. तक्रार तोंडी करू नये. जॉब कार्डावर मालकाच्या शब्दांत लिहून घ्यावी आणि प्रत मागावी. ‘गाडी नीट चालत नाही’ असे मोघम वाक्य नको. ‘गरम असताना पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हिसका’ असे हवे. हमीच्या मुदतीत लिहिलेले असे एक कार्ड, मुदत संपल्यावर केलेल्या दहा फोनहून मोलाचे असते.

२६/
कायद्याची चौकटही आता रिकामी नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाडीचा दोष सुरक्षिततेला किंवा पर्यावरणाला बाधक असेल, तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. त्या मॉडेलच्या विक्रीच्या मानाने तक्रारी ठरावीक संख्येला पोहोचल्या, की चौकशी होऊ शकते. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. तात्पर्य, न नोंदवलेली तक्रार या हिशेबात शून्य धरली जाते.

२७/
वैयक्तिक दादेसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ती ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या भागातल्या आयोगाकडे करता येते. गाडी मुंबईच्या शोरूममधून घेतली म्हणून बोईसरच्या कामगाराने मुंबईच्या वाऱ्या करण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सदोष वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवण्याचा अधिकारही आयोगाला आहे. तिथे पुन्हा प्रश्न तोच येतो: कागद कुठे आहेत?

२८/
यावर एक रास्त आक्षेप येईल. हजारो मालकांच्या अशा गाड्या विनातक्रार चालतात, मग एवढा बाऊ कशाला? आक्षेप खरा आहे. महामार्गावर वसई-तलासरी असा मोकळा प्रवास असेल तर दोन क्लचचा गिअरबॉक्स आनंद देतो, इंधनही वाचवतो. पण त्याच महामार्गावर चिल्हार फाट्याशी वळताना, समोरून ट्रक येत असता ओढ दोन सेकंद गेली, तर तो आराम-गैरसोयीचा मामला उरत नाही. नुसता गचका सोसता येतो. गचक्यासह ओढ जाणे, मागे घरंगळणे किंवा इशारा दिवा लागणे दिसले, तर गाडी चालवणे थांबवून तपासणी करून घ्यावी.

२९/
आणि कंपन्यांचा हिस्सा? त्यांनी विकतानाच खरे सांगावे. कोरडा क्लच की ओला, रांगेत कसा चालवावा, तापल्यावर काय करावे, हे किल्लीबरोबर मराठीत छापून द्यावे. रोज दोन तास तुंबलेल्या रस्त्यावर जाणाऱ्या ग्राहकाला टॉर्क कन्व्हर्टर किंवा ओल्या क्लचची गाडी सुचवण्यात विक्रेत्याचे काही जात नाही. ‘पद्धत चुकते’ म्हणण्याचा अधिकार पद्धत शिकवणाऱ्यालाच असतो. शोरूममध्ये ‘फक्त रेस आणि ब्रेक’ म्हणून गाडी विकायची आणि सर्व्हिस सेंटरमध्ये चालकाचा पाय दोषी ठरवायचा, हा दुटप्पीपणा आहे.

३०/
केग्रेसने झारची गाडी बर्फात चालावी म्हणून गाडी बदलली. बर्फ गाडीसाठी बदलेल अशी अपेक्षा त्याने केली नाही. यंत्र ज्या रस्त्यावर विकले जाते त्याच रस्त्यावर त्याची पारख व्हायला हवी, हा त्याच्या आयुष्याचा साधा धडा आहे. पालघर-बोईसरच्या रस्त्यावर ही पारख रोज होतेच आहे. उणीव आहे ती निकाल लिहून ठेवणाऱ्यांची. ज्यांना इतिहासाची गोडी आहे, त्यांच्या घरात अशी गाडी असेल तर आजच्या गचक्याची तारीख आजच टिपून ठेवावी.

(थ्रेड समाप्त)